सोमवारची रेघ

मानकू कुमरेचं पत्र श्रीनिवास भुस्कुट्यांनी चोवीस वर्षांत फाडून टाकलं नाही, आणि त्याला उत्तरही दिलं नाही. वंशवहीच्या चौथ्या खंडात ते खुणेसारखं पडून होतं. खंड उघडला की शाळेच्या वहीतला तो आखीव कागद आधी दिसे. भुस्कुटे तो अलगद उचलून बाजूला ठेवत आणि काम झालं की परत आत सरकवत. वाचत मात्र नसत. पाठ झालेलं पुन्हा कशाला वाचायचं, असं ते स्वतःला सांगत.

वंशवही म्हणजे देशातल्या पिंजऱ्यांत जन्मलेल्या प्रत्येक वाघाची नोंद. क्रमांक, आई, बाप, जन्म, मृत्यू. कोणत्या वाघिणीची जोडी कोणत्या वाघाशी लावायची, म्हणजे भावाबहिणीचं किंवा बापलेकीचं नातं आड येणार नाही, हे त्या वहीवरून ठरे, आणि ती वही भुस्कुटे छत्तीस वर्षं सांभाळत होते. त्यांची पत्नी हयात असताना पाहुण्यांना सांगायची, "आमचे हे वाघांचं वधूवर सूचक मंडळ चालवतात. पत्रिका जुळवतात, पसंती विचारत नाहीत." पाहुणे हसत. भुस्कुटेही हसत, आणि मग दोन-तीन दिवस त्या शेवटच्या शब्दांशी झगडत राहत.

एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही वाघाला हात लावला नव्हता. गजांबाहेरून पाहिले होते, तेही जपूनच. नजर आधी त्यांचीच खाली जाई.

मानकू टेकडीवरच्या प्राणिसंग्रहालयात वाघांचा राखणदार होता, सातवीपर्यंत शिकलेला. त्याने लिहिलं होतं:

"साहेबांस नमस्कार. तुळसाचे पिल्लं दोनदा नेले. पिल्लं नेले की ती आठ-आठ दिवस धड खात नाही. आता तिसऱ्यांदा जोडी लावायचा कागद आला. त्यावर सही तुमची आहे म्हणून विचारतो. मी तिच्यापाशी बारा वर्षं आहो, पण तिला काय पाहिजे ते मला सांगता येत नाही. ती दाराकडे तोंड करून बसते. मला वाटे माझी वाट पाहते. मग ध्यानात आलं की असं ती सोमवारीच करते. म्हणून मी माझ्या मनचं काही सांगत नाही. तुम्ही पुस्तकं वाचता. जोडी लावायची की नाही, आणि लावायची तर कोणासाठी, ते कळवावे."

भुस्कुट्यांनी तेव्हा उत्तराचे चार मसुदे केले. एक फार शास्त्रीय झाला, एक फार गोड. तिसऱ्यात आपण एका राखणदाराला शिकवतो आहोत असं वाटलं, चौथ्यात त्याची माफी मागतो आहोत असं. सोमवारचं वाक्य तर त्यांना उमगलंच नाही. सोमवार म्हटल्यावर त्यांना महादेव आठवला आणि मानकूची काही श्रद्धा असेल म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. दरम्यान सहीची तारीख आली. उत्तर सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी सही केली. तुळसाला तीन पिल्लं झाली, दोन गेली, एक मादी जगली. त्या मादीची लेक म्हणजे गुंजा, क्रमांक तीनशे एक्केचाळीस.

आणि आता, दोन हजार बावन्न साली, गुंजाचा कागद समोर होता. तो घेऊन आली होती त्यांची स्वतःची मुलगी.

"साठ पिल्लं, बाबा," केतकी म्हणाली. रविवारची सकाळ होती. "एकदाच भूल द्यायची, गुंजाची बीजं काढायची. बाकी सगळं कृत्रिम गर्भाशयात. तिला बाळंतपणाचासुद्धा त्रास नाही."

"साठ?" भुस्कुट्यांनी चष्मा पुसला. "माझ्या वहीच्या एका पानावर बारा ओळी असतात."

"पान वाढवा मग."

केतकी मेंदूशास्त्रज्ञ होती. लहानपणी याच वहीच्या समासात तिने मांजरं काढली होती. गेल्या वर्षी तिच्या एका आलेखाने जगभर खळबळ उडवली होती. लोक त्याला 'गुंजाची रेघ' म्हणत.

त्यामागचं शास्त्र तिने बापाला तीनदा समजावलं होतं, आणि तिन्ही वेळा भुस्कुटे, समजलं असूनही, समजलं की नाही अशा शंकेत राहिले होते. मेंदूत कानाच्या जरा आत एक वळलेला भाग असतो, हिप्पोकॅम्पस. तिथल्या काही पेशी जागांना वाटून दिलेल्या असतात. प्राणी पाणवठ्याशी आला की एक पेशी पेटते, झाडाशी आला की दुसरी. दिशा आणि अंतर मोजणाऱ्या पेशी निराळ्या. प्राणी झोपला की या पेशी त्याच क्रमाने, पण खूप वेगाने, पुन्हा पेटतात. म्हणजे तो झोपेत चालून आलेली वाट पुन्हा चालतो. उंदरांत हे फार पूर्वीच दिसलं होतं. केतकीने वाघासाठी नखाएवढी पट्टी बनवली. गुंजाचा दात काढायला भूल दिली होती, तेव्हाच ती कवटीच्या आत सरकवली. वाघीण झोपली की पट्टी पेशींची पेटापेट टिपायची आणि यंत्र त्यावरून नकाशावर रेघ ओढायचं.

गुंजा अकरा वर्षांत पिंजऱ्याबाहेर गेली नव्हती. तिची आई पिंजऱ्यातली, आजी पिंजऱ्यातली. तरी तिची रेघ भिंत ओलांडून बाहेर गेली होती. दिशा मोजणाऱ्या पेशींनी ती भिंतीपलीकडे वीस-पंचवीस मीटर नेली होती.

"याचा अर्थ काय, हे आता सगळे सांगतात," केतकी म्हणाली. "तीन पिढ्या कोंडून ठेवलं तरी जंगल तिच्या आत आहे. म्हणजे तिची पिल्लं जंगलात सोडता येतील. बोदलझिऱ्याच्या जंगलातले वाघ वणव्यात संपले. त्यांचं रक्त फक्त हिच्यात उरलंय. तिथे आता पुन्हा झाडं उभी आहेत, वाघ नाहीत. साठ पिल्लं, बाबा! फक्त वंशवहीच्या निबंधकाची सही पाहिजे."

नात्याची सगळी गणितं आता यंत्रच करी. कायद्यातून ही एक सही काढायची तेवढी कोणाला आठवण राहिली नव्हती.

"आणि नाही पटलं तर?"

"तुम्हाला पटायला काय हवंय? तुम्हाला सूर्य उगवला तरी घड्याळ बघावं लागतं." तिने बॅग उचलली. "उद्या या तिकडे. सोमवारी संग्रहालय बंद असतं, गर्दी नसते. मी नेहमी सोमवारीच नोंदी घेते. डोळ्यांनी बघा, आणि शुक्रवारी आमचे संचालक पंचभाई सर इकडे येतील तेव्हा सही करून टाका."

सोमवारी दुपारी भुस्कुटे टेकडीवर पोहोचले. गुंजा सावलीत आडवी होती. झोपेत तिचा पुढचा पंजा मधूनच हलत होता. केतकीने पडदा त्यांच्याकडे वळवला. पिंजऱ्याच्या नकाशावर हिरवी रेघ धावत होती. अकरा पावलं, वळण, अकरा पावलं, वळण, आणि मग अचानक दाराच्या बाजूने भिंतीतून बाहेर. थोडी सरळ, मग डावीकडे. एका जागी थबकली, आणि आली तशी परत.

भुस्कुटे पुढे वाकले. खरंच, किती ओढ असेल! ते पुन्हा बघत राहिले. रेघ पुन्हा गेली, पुन्हा त्याच जागी थबकली, पुन्हा परतली.

"परत का येते?" ते पुटपुटले.

"काय?"

"काही नाही. जंगलाकडे निघालेलं कोणी इतकं नेमकं थांबून परत येईल का, असं आपलं... माझ्या मनात आलं."

"झालं सुरू," केतकी म्हणाली आणि पट्टीच्या आकड्यांत बुडाली.

भुस्कुटे पाय मोकळे करायला पिंजऱ्याला वळसा घालून निघाले. मागच्या दाराजवळ गुंजाची राखणदार, शेवंता वरखडे, पायरीवर बसून शेंगा सोलत होती. चाळिशीची, खाकी शर्टावर पदर खोचलेली.

"बसा जी साहेब. तुमीच का ते वहीवाले? आमच्या वाघीणबाईले नवरदेव धुंडता ते?"

भुस्कुटे कानापर्यंत लाल झाले. "हो. म्हणजे... तोच मी. तुम्ही आज मोकळ्या दिसता? तिचं मांस किती वाजता असतं?"

"आज कायचं मांस? आज सोमवार न जी. आज बाईचा उपास." शेवंता हसली. "जंगलात रोज कुठं शिकार भेटते? म्हून हप्त्यातून एक दिवस पोट रिकामं ठेवतात. इथं बंदच्या दिवशी. तिले काई पंचांग समजत नाई, पन दुपार झाली का पाहा कशी दाराकडं तोंड करते. बालटीचा आवाज कधी येते म्हून कान टवकारून राहते."

चोवीस वर्षं पाठ असलेलं एक वाक्य त्यांच्या आत हळूच उलगडलं.

"ही बादली," त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठून आणता?"

"त्या तिकडच्या नळापासून. सरळ जाचं, मंग डाव्या हातानं. थ्या नळाखाली बालटी विसळतो, खाटीकखान्याची गाडी तिथंच मांस देते, मंग वापस."

भुस्कुटे ती वाट चालले. सरळ तेरा पावलं, मग डावीकडे. नळाशी थांबले. जमिनीवर बादलीच्या बुडाचा गोल ठसा होता. गुंजाने तो कधी पाहिला नव्हता. पण ही वाट तिने अकरा वर्षं ऐकली होती. पावलं, नळ, पत्र्याचा आवाज, पुन्हा पावलं.

ते परत आले तेव्हा शेवंताने ओंजळभर शेंगा त्यांच्यासमोर धरल्या. "काय हरपलं का साहेब?"

"इथे पूर्वी मानकू कुमरे होते..."

"माहा सख्खा मामा! त्यानंच तं मले इथं चिकटवलं. हाय अजून, गावाले. कान गेले, डोये मात्र साबूत. पेपरातलं बारीक अक्षरही वाचते."

हे ऐकून भुस्कुट्यांना आनंद व्हावा की भीती वाटावी, ते कळेना. मेलेल्या माणसाला द्यायचं उत्तर राहून जाणं वेगळं. हा तर जिवंत होता, आणि त्याचे डोळे शाबूत होते.

केतकीला सांगायला त्यांना दोन दिवस लागले. मंगळवारी जेवताना तोंड उघडलं आणि वरण छान झालंय म्हणाले. आपण कोण? मेंदूतलं आपल्याला काय कळतं? आणि बरोबर असलो तर? मुलीच्या दहा वर्षांच्या कामावर एका बादलीने पाणी ओतायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बुधवारी सकाळी त्यांनी मानकूचा कागद तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि शेवंताचं सगळं बोलणं सांगितलं.

केतकीने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "माझ्या सगळ्या नोंदी सोमवारच्या आहेत."

"हो."

"मला कोणी सांगितलं नाही, त्या दिवशी तिला खायला नसतं म्हणून."

"तू विचारलं नसशील." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. "मीही नव्हतं विचारलं. मला तर लेखी कळवलं होतं."

"तुम्हाला हेच हवं होतं ना?" तिचा आवाज चढला. "आयुष्यभर शंका! आई म्हणायची, ह्यांना अमृत दिलं तर बाटली उलटी करून तारीख बघतील. चला, उद्या गुरुवार आहे. तिचं पोट भरल्यावर घेऊ नोंद. बघू तुमची बादली काय सांगते."

गुरुवारी गर्दी होती, पोरं काचेवर हात आपटत होती, पण गुंजा आठ किलो मांस खाऊन निवांत झोपली. केतकी आणि भुस्कुटे पडद्यासमोर शेजारी शेजारी बसले. रेघ उमटली. अकरा पावलं, वळण. अकरा पावलं, वळण. एक तास गेला, दीड तास. रेघ भिंतीपर्यंत जाई आणि वळे. एकदाही बाहेर गेली नाही.

"मोठं आवार आहे तिला," केतकी हलक्या आवाजात म्हणाली. "मागे तळं आहे, झाडं आहेत. झोपेत तिथेही जात नाही."

"का?"

"लहानपणी एक वर्ष ती छोट्या खोलीत होती. अकरा पावलांची." तिने पडदा मिटला. मग पुन्हा उघडला. "म्हणजे तिला जंगल नकोय? की जंगल म्हणजे काय हेच तिला माहीत नाही? की भूक लागल्याशिवाय तिच्यात काही हवंसं वाटतच नाही? बाबा, हे यंत्र वाट सांगतं. का चालते, ते सांगत नाही."

भुस्कुट्यांना वाटलं होतं, आपला संशय खरा ठरला तर निदान काहीतरी स्पष्ट होईल. उलट गढूळ पाणी आणखी ढवळलं गेलं होतं. एक गोष्ट मात्र त्यांना दिसत होती. साठ पिल्लं. पिंजऱ्यात जन्मलेली, माणसाच्या हातची बादली ऐकत वाढलेली. जंगलात सोडली, एक दिवस शिकार मिळाली नाही, की त्यांच्या मेंदूतली रेघ कुठे जाईल? जिथे पत्र्याची बादली वाजते तिथे. बोदलझिऱ्याभोवती सात गावं होती, आणि प्रत्येक गावात नळ होता.

शुक्रवारी संचालक पंचभाई घरी आले. गडी दिलखुलास, येताना संत्र्याची बर्फी घेऊन आले. केतकीने काही न बोलता दोन्ही रेघा त्यांच्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "सर, माझा आलेख मी मागे घेते आहे. आजच कळवते सगळ्यांना."

पंचभाईंनी बर्फीचा तुकडा तसाच हातात धरला. "डॉक्टर, कळतंय का काय बोलताय? पुढच्या महिन्यात तुमचा सत्कार आहे!"

"तो सोमवारी ठेवला नसेल म्हणजे मिळवली," केतकी म्हणाली. ती हसली नाही.

पंचभाईंनी बर्फी डब्यात परत ठेवली. मग सावरले. "ठीक. जंगलात सोडणं रद्द. साठ नकोत, सहा करू. इथेच ठेवू, मोठ्या आवारात. वंश तर टिकेल? भुस्कुटेसाहेब, तुम्ही वहीचे माणूस. बीजं मिळायचं गुंजाचं हे शेवटचं वर्ष. तुम्ही आज सही केली नाही, तर बोदलझिऱ्याचे वाघ कायमचे संपले. हजारो वर्षांचं रक्त. तुमच्या टेबलावर संपलं, असं लोक म्हणतील. चुकीचं बोलतोय का मी?"

चुकीचं नव्हतं. भुस्कुट्यांना ते पुरतं कळत होतं. त्यांनी कागद जवळ ओढला. आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, नात्याचं प्रमाण, पिल्लांची संख्या. सगळे रकाने भरलेले. 'कोणासाठी' असा रकाना मात्र नव्हता. मानकूने विचारलं होतं ते कोणत्याच कागदावर कोणी विचारलं नव्हतं.

"त्या सहा पिल्लांना," त्यांनी चाचरत विचारलं, "किती पावलांची खोली असेल?"

"सुरुवातीला छोटीच असते, साहेब. निगा राखायला सोपं जातं."

भुस्कुट्यांनी पेनाचं टोपण उघडलं. मग परत लावलं. "मला... माफ करा. मी बरोबर आहे असं मला वाटत नाही. पण सही होत नाही माझ्याच्यानं."

पंचभाई रागावले, त्यांनी समजावलं, पुन्हा रागावले. जाताना म्हणाले, "तुम्ही काहीच ठरवलं नाही, भुस्कुटेसाहेब. तुम्ही नुसते घाबरलात." बर्फीचा डबा टेबलावरच राहिला.

"खरं असेल ते," दार लागल्यावर भुस्कुटे म्हणाले.

केतकी खिडकीशी उभी होती. "तुम्ही बरोबर आहात असं मीही म्हणत नाही, बाबा. मी चुकले होते, एवढंच म्हणते. आणि मला अजून तुमचा राग आलेला आहे."

"हो, हो. येऊ दे."

ती वळली. मानकूचं पत्र उचलून तिने त्यांच्या हातात दिलं. "ह्याचं काय?"

पाचवा मसुदा लिहायला त्यांना शनिवारचा सगळा दिवस लागला. सगळ्यांत छोटा तोच झाला.

"मानकूजी, सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र मला चोवीस वर्षांपूर्वी मिळालं. सोमवारचं तुम्ही लिहिलं होतं ते मला या आठवड्यात कळलं. तुळसाच्या नातीची जोडी लावायची की नाही, असं मला पुन्हा विचारण्यात आलं. जोडी कोणासाठी लावायची, याचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं, म्हणून मी सही केली. आजही येत नाही. या वेळी त्याच कारणासाठी सही केली नाही. यामुळे गुंजाच्या मागे तिचं कोणी उरणार नाही. हे चांगलं झालं की वाईट, मला सांगता येत नाही. तुम्ही तिच्या आजीजवळ बारा वर्षं होता. तुम्हाला काय वाटतं, ते कळवाल का? उशिराबद्दल क्षमा मागायलाही उशीर झाला आहे. आपला, श्रीनिवास भुस्कुटे."

शेवंता म्हणाली होती, द्या माह्यापाशी, रविवारी गावाले जाचंच हाय. पण भुस्कुट्यांनी ऐकलं नाही. मानकूने तिकीट लावून पाठवलं होतं, उत्तरही तिकीट लावूनच जायला हवं. कोपऱ्यावरच्या टपालाच्या लाल पेटीत आता कोणीतरी सदाफुली लावली होती. चालू पेटी फक्त मोठ्या पोस्टात उरली होती. सोमवारी सकाळी केतकी त्यांना गाडीने तिथे घेऊन गेली.

पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं गेलं आणि भुस्कुटे थांबले.

"आता काय?" केतकीने विचारलं.

"'क्षमा' वगळायला हवं होतं का? जरा नाटकी वाटतं ते. आणि 'सप्रेम'... आमची कधी भेटसुद्धा झालेली नाही."

"बाबा."

"नाही, म्हणजे, घरी जाऊन एकदा नीट..."

"बाबा, सोडा."

त्यांनी बोटं सैल केली. पेटी बहुधा रिकामीच असावी. पाकीट तळाशी पडल्याचा आवाज बाहेर स्पष्ट ऐकू आला.